पाणमोट फुटली की नाही, हे सांगणाऱ्या पट्ट्या: खान्देशातल्या लेबर रूमच्या नजरेतून

दिवस भरायला अजून पाच-सहा आठवडे आहेत आणि बाई सांगते, ‘पानी जाई ऱ्हायनं.’ साडी ओलसर आहे, पण तपासायला घेतलं तर वाहताना काहीच दिसत नाही. लघवी निसटली असेल, अंगावरून पांढरं जात असेल, नाहीतर खरोखरच पाणमोटीला बारीक छिद्र पडलं असेल. या तिसऱ्या शक्यतेसाठी दोन पट्ट्या बाजारात मिळतात, अ‍ॅक्टिम प्रॉम आणि अ‍ॅम्निशुअर. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या छोट्या प्रसूतिगृहांत आणि ग्रामीण रुग्णालयांत त्या किती उपयोगी पडतात, कुठे दगा देतात आणि का, ते इथे मांडलं आहे. पट्टीचं उत्तर चुकलं तर दोन्हीकडून नुकसान होतं. खोटी ‘हो’ आली तर धडगाव-मोलगीकडच्या बाईला विनाकारण घाट उतरून जिल्ह्याला जावं लागतं. खोटी ‘नाही’ आली तर ती घरी परतते आणि चार दिवसांनी तापाने फणफणून येते.

आधी सर्वात स्वस्त उपायाबद्दल. नायट्राझिनचा पिवळा कागद अजून बहुतेक ट्रॉलीवर असतो. योनीतला स्राव आम्लधर्मी असतो, गर्भजलाचा पीएच ७.१ ते ७.३ असतो, म्हणून पाणी लागलं की कागद निळा होतो. अडचण अशी की रक्त, वीर्य, साबण, जंतुनाशक द्रावण आणि योनीतला जिवाणूंचा संसर्ग हे सगळे त्याला तसाच निळा करतात. तपासणीआधी सॅव्हलॉन किंवा बेटाडिनने पुसून घ्यायची सवय असलेल्या ठिकाणी या कागदाच्या निळ्या रंगाला फारसा अर्थ उरत नाही. काचपट्टीवरची फर्न चाचणी त्यापेक्षा बरी. मागच्या फोर्निक्समधला (गर्भाशयमुखामागच्या योनीच्या खोलगट भागातला) स्राव स्वच्छ काचेवर पातळ पसरायचा, किमान दहा मिनिटं आपोआप वाळू द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाच्या कमी भिंगाखाली नेच्याच्या पानासारखी नक्षी शोधायची. काच दिव्यावर धरून वाळवू नये. स्वॅब गर्भाशयमुखात घातला तर तिथला चिकट स्रावही पानासारखा दिसतो आणि फसवतो. रक्त जास्त मिसळलं तर नक्षी नीट उमटत नाही. जिथे सूक्ष्मदर्शक आहे आणि रात्री दोन वाजता तो वापरणारा माणूसही आहे, तिथे ही चाचणी जरूर ठेवावी. असं ठिकाण तालुक्याच्या पातळीवर क्वचितच सापडतं.

आता पट्ट्या. त्या नेमकं काय पकडतात हे कळायचं असेल तर पडदा फाटतो कसा हे पाहावं लागतं. पट्टीच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

बाळाभोवतीच्या पिशवीला दोन थर असतात. आतला, पाण्याला लागून असलेला अ‍ॅम्निऑन आणि बाहेरचा, गर्भाशयाच्या अस्तराला चिकटलेला कोरिऑन. अ‍ॅम्निऑन दोघांत खूप पातळ आहे, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका, तरी ताण सोसायची मुख्य ताकद त्याच्यातच असते. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. ताकद येते ती कोलॅजनच्या धाग्यांतून, आणि हे धागे विणतात त्यातल्याच फायब्रोब्लास्ट पेशी. म्हणजे पेशी जिवंत तोवर डागडुजी चालू. पेशी मरायला लागल्या की विणणारा उरत नाही आणि उसवणारे एन्झाइम मात्र वाढत जातात.

या मरण्याला अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात. पेशी फुटून नासत नाही. आतूनच ठरलेल्या क्रमाने आकसते, तिचा डीएनए तुकड्या-तुकड्यांनी कापला जातो आणि ती शांतपणे गळून पडते. १९७२ साली हे नाव दिलं गेलं, ते पानगळीच्या ग्रीक शब्दावरून. सातपुड्यातला साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतो तेव्हा झाड रोगट नसतं, ऋतू आलेला असतो. पाणमोटीचंही तसंच आहे. दिवस भरत आले की गर्भाशयमुखाच्या अगदी वर टेकलेल्या भागात पडदा पातळ होतो, तिथल्या पेशी मरतात, कोलॅजन विस्कटतं आणि योग्य वेळी तिथूनच पाणमोट फुटते. हे नैसर्गिक आहे. ३७ आठवड्यांच्या आत आणि कळा सुरू होण्याआधी हीच पानगळ झाली तर ती अकाली. साधारण शंभरातल्या दोन-तीन गरोदरपणांत असं होतं, आणि अकाली बाळंतपणांपैकी जवळपास एक तृतीयांशांच्या मुळाशी हेच कारण असतं.

अकाली फुटलेल्या पडद्यांत पेशीला मरणाकडे ढकलणारे पी-५३ आणि बॅक्स हे घटक वाढलेले सापडले आहेत. दुसरीकडून, जंतुसंसर्ग झाला की दाहातून टीएनएफ-अल्फासारखे रेणू बाहेरून पेशीला मरणाचा निरोप देतात. दोन्ही वाटा शेवटी कॅस्पेझ नावाच्या एन्झाइमांपाशी मिळतात आणि तिथून माघार नसते. याच वेळी एमएमपी-९ सारखी एन्झाइमं कोलॅजन खातात. ज्या जाळ्याला पेशी धरून होती ते सुटलं की पेशी आणखी लवकर मरते. पेशी मेली की जाळं दुरुस्त होत नाही. असं हे चक्र एकमेकांना खतपाणी घालत फिरतं. गर्भाशयात रक्तस्राव झाला असेल तर रक्त गोठवणारं थ्रॉम्बिनही पडदा कमजोर करतं, म्हणून पहिल्या तिमाहीत किंवा नंतर रक्त गेलेल्या बाईने ‘पाणी जातंय’ म्हटलं की ते जास्त गांभीर्याने घ्यावं. आधीच्या खेपेला असंच झालेली, जुळी असलेली, गर्भाशयमुख आखूड असलेली आणि तंबाखूचं व्यसन असलेली बाई याच यादीत येते.

यातून पट्टीबद्दलची पहिली गोष्ट स्पष्ट होते. ती पेशींचा मृत्यू मोजत नाही. तो आठवडे आधी सुरू झालेला असतो. पट्टी फक्त शेवटची पायरी ओळखते, गर्भजल पडद्यापलीकडे आलं का एवढीच. ‘पट्टी निगेटिव्ह, म्हणजे पडदा ठणठणीत’ असं घरच्यांना सांगणं चुकीचं आहे. आज फाटलेला नाही, इतकंच खरं.

अ‍ॅक्टिम प्रॉम मूळची फिनलंडच्या मेडिक्स बायोकेमिका कंपनीची. ती आयजीएफबीपी-१ हे प्रथिन शोधते. गर्भजलात ते आईच्या रक्तापेक्षा शंभर ते हजारपट जास्त असतं. स्पेक्युलम (योनी उघडून आत पाहायचं उपकरण) लावून मागच्या फोर्निक्समधून निर्जंतुक स्वॅबवर नमुना घ्यायचा, स्वॅब तिथे दहा ते पंधरा सेकंद ठेवायचा, मग सोबतच्या अर्धा मिलिलिटर द्रावणात तेवढाच वेळ जोरात फिरवायचा आणि नळीच्या कडेला दाबून पिळून काढायचा. हे पिळणं बरेच जण विसरतात. नमुना स्वॅबच्या कापसातच राहिला तर द्रावणात उतरतं काय? मग पट्टीचं पिवळं टोक द्रावणात बुडवून ओल वर चढताना दिसेपर्यंत धरायचं, बाहेर काढून आडवी ठेवायची. दोन निळ्या रेषा दिसल्या की उत्तर ‘हो’, त्यासाठी थांबायची गरज नाही. ‘नाही’ म्हणायला मात्र पूर्ण पाच मिनिटं थांबायचं. पाच मिनिटांनंतर उमटलेली रेष धरायची नाही. नियंत्रण-रेष, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेष, उमटलीच नाही तर ती पट्टी बाद.

अ‍ॅम्निशुअर क्वियाजेनची. ती पीएएमजी-१ हे प्रथिन शोधते आणि मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमपर्यंतचं प्रमाणही ओळखते. गर्भजलात हे प्रथिन हजारो नॅनोग्रॅम असतं आणि पडदा शाबूत असताना योनीत नॅनोग्रॅमच्या अंशभर, त्यामुळे फरक प्रचंड. तिचा मोठा फायदा म्हणजे स्पेक्युलमची सक्ती नाही. नळी आधी झटकून द्रावण तळाला आणायचं. स्वॅबचं टोक बाहेर कशालाही न लावता योनीत पाच ते सात सेंटिमीटर आत घालायचं, घड्याळ लावून एक मिनिट ठेवायचं, मग नळीत एक मिनिट फिरवायचं. स्वॅब टाकून द्यायचा, पट्टीचं बाणांचं टोक नळीत सोडायचं. पाच मिनिटांनी दोन रेषा स्पष्ट दिसल्या तर काम झालं. नाहीतर दहाव्या मिनिटाला वाचायचं. पंधरा मिनिटांनंतर ती पट्टी वाचूच नये. रेष फिकट असली, तुटक असली तरी ‘हो’ समजायचं. फिकटपणावरून ‘थोडंसंच गेलंय’ असा अर्थ काढायला जागा नाही.

लघवी, वीर्य किंवा पांढरं जाणं यांनी या दोन्ही पट्ट्या फसत नाहीत. नायट्राझिनवर त्यांची खरी मात इथेच आहे, आणि फक्त यासाठीसुद्धा जादा पैसे मोजावेत असं आमचं मत आहे. पण रक्त वेगळं. आईच्या रक्तातही ही प्रथिनं थोडी असतात. स्वॅब नुसता गुलाबी आला तर चालतं, लालभडक आला तर पट्टीचं उत्तर ग्राह्य धरू नये. वार खाली असल्याचं सोनोग्राफीत दिसलं असेल तर ही चाचणी करूच नये. योनीत औषध किंवा जंतुनाशक घातलं असेल तर अ‍ॅम्निशुअरसाठी सहा तास थांबावं लागतं. म्हणून लेबर रूममध्ये क्रम ठरवून घ्यावा: आधी स्वॅब, मग बाकी सगळं. बोटाने आतून तपासणी तर नाहीच. ती नमुना बिघडवते आणि पाणमोट फुटलेली असेल तर जंतू वर नेते. आलेल्या बाईची पहिल्यांदा ‘पीव्ही’ करायची सवय कितीही जुनी असली तरी इथे ती मोडलीच पाहिजे.

खान्देशासाठी सर्वात महत्त्वाची अडचण वेळेची. पाणी जायचं थांबून बारा तासांहून जास्त गेले असतील तर योनीतली एन्झाइमं प्रथिनाचा फडशा पाडतात आणि दोन्ही पट्ट्या खोटी ‘नाही’ देऊ शकतात. शेतात असताना पहाटे साडी ओली झाली, दुपारी आशाताईला सांगितलं, संध्याकाळी पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), रात्री ग्रामीण रुग्णालय असा प्रवास इथे नवा नाही. अशा बाईत निगेटिव्ह पट्टीला शेवटचा शब्द मानू नका. कोरडा, स्वच्छ पॅड लावून डाव्या कुशीवर तास-दोन तास झोपवा, मग खोकायला सांगून पुन्हा स्पेक्युलमने पाहा, सोनोग्राफीत पाणी किती उरलंय ते बघा. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनेही २०१८ मध्ये डॉक्टरांना याचीच आठवण करून दिली होती: या चाचण्यांवर एकट्या विसंबून निर्णय घेऊ नका. त्यामागे बाळं दगावल्याच्या नोंदी होत्या.

उलट बाजूची चूक, म्हणजे खोटी ‘हो’, अ‍ॅम्निशुअरमध्येही संभवते, आणि तिचं कारण पुन्हा त्या पानगळीत आहे. पेशी मरून पडदा विरळ झाला की तो फाटण्याआधीच त्यातून प्रथिन झिरपू शकतं. कळा येत असलेल्या पण पाणमोट शाबूत असलेल्या काही बायकांत पट्टी ‘हो’ दाखवते, त्याचं हे एक स्पष्टीकरण. याच गुणाचा उपयोग करून पार्टोशुअर नावाची वेगळी पट्टी निघाली. ती त्याच प्रथिनाचं १ नॅनोग्रॅमपर्यंतचं प्रमाण पकडते आणि अकाली बाळंतपण जवळ आलंय का याचा अंदाज देते. तेव्हा कळा आहेत, पाणी कुठेच दिसत नाही आणि पट्टी मात्र ‘हो’ म्हणते, अशी बाई घरी पाठवायची नाही. पाणमोट फुटलेली नसली तरी तिचं बाळंतपण लांब नसण्याची शक्यता बरीच आहे.

खरेदी करताना नावं नीट वाचा. अ‍ॅक्टिमच्याच घराण्यात अ‍ॅक्टिम पार्टस आहे. खोका सारखा, नाव जवळचं, काम वेगळं. पार्टस गर्भाशयाच्या अस्तरातून येणारं, फॉस्फेट जोडलेलं आयजीएफबीपी-१ शोधते, नमुना गर्भाशयमुखातून घ्यावा लागतो, आणि ती अकाली बाळंतपणाच्या शक्यतेसाठी आहे. पाणमोटीसाठी ती वापरली तर उत्तराचा अर्थच बदलतो. मागणीपत्रावर नुसतं ‘अ‍ॅक्टिम किट’ लिहिलं तर स्टोअरमधून काय येईल याचा भरवसा नाही. पूर्ण नाव लिहा.

दुसरी स्थानिक गोष्ट उन्हाची. दोन्ही किट २५ अंशांपर्यंतच ठेवायचे आहेत. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो आणि कुरियरच्या गाडीत तो आणखी वर असतो. उष्णतेने पट्टीवरची प्रतिपिंडं निकामी होतात. नियंत्रण-रेष तरीही उमटू शकते आणि तपासणी-रेष मात्र दगा देते. म्हणजे बिघडलेली पट्टी ‘मी बिघडले’ असं सांगत नाही, ती गुपचूप ‘नाही’ म्हणते. एप्रिल ते जून या काळात माल मागवायचाच असेल तर पुरवठादाराकडून थंड खोक्यातच घ्या, आल्या आल्या आत ठेवा. साध्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चालतं, फ्रीजरमध्ये नाही. लशींच्या आयएलआरमध्ये (लशी ठेवायच्या खास फ्रीजमध्ये) ठेवायचा मोह होतो, पण तो लशींसाठीच राखलेला असतो, तिथे दुसरं काही ठेवू नये. फ्रीजमधून काढलेला पाउच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मगच फोडावा. थंड पट्टीवर दमट हवेचं पाणी साचतं. फोडलेला पाउच ‘उद्या वापरू’ म्हणून ठेवता येत नाही.

दोघींपैकी कुठली? जिथे डॉक्टर आहेत आणि स्पेक्युलम रोज लागतो, तिथे अ‍ॅक्टिम प्रॉम पुरेशी आहे. ‘हो’ लवकर मिळते, आणि स्पेक्युलम लावला की निम्म्या वेळा पाणी डोळ्यांनीच दिसून पट्टी वाचते. पाणी साचलेलं स्पष्ट दिसत असेल तर पट्टी वापरणं पैसे वाया घालवणं आहे. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शनातही हाच क्रम आहे: आधी स्पेक्युलम, पाणी दिसलं नाही तरच प्रथिनाची चाचणी. जिथे रात्री फक्त सिस्टर असते आणि स्पेक्युलमची तपासणी होईलच असं नाही, तिथे अ‍ॅम्निशुअर सोयीची, मात्र एक-एक मिनिटाच्या दोन्ही वेळा घड्याळ लावून पाळल्या तरच. घाईच्या पाळीत या दोन मिनिटांची वीस सेकंदं होतात, हा तिचा खरा कच्चा दुवा. दोन्हींची किंमत नायट्राझिनच्या तुलनेत बरीच जास्त आहे, त्यामुळे प्रत्येक ओल्या साडीला पट्टी लावण्यात अर्थ नाही. संशयाच्या केसपुरत्या ठेवा. छोट्या प्रसूतिगृहाने एका वेळी एकच खोका घ्यावा, आधी मुदत संपणारा वर ठेवावा.

पट्टी ‘हो’ आली आणि ३४ आठवडे झालेले नाहीत, तर पुढची कामं पट्टीपेक्षा मोठी. २४ ते ३४ आठवड्यांच्या बाईला बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम स्नायूत, बारा तासांच्या अंतराने चार डोस. पहिला डोस देऊनच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसवावं. प्रतिजैविक म्हणून एरिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम दिवसातून चारदा, दहा दिवस किंवा बाळंतपण होईपर्यंत. को-अमॉक्सिक्लॅव टाळा. २००१ च्या ओरॅकल अभ्यासात त्याने बाळाच्या आतड्याचा गंभीर आजार वाढलेला दिसला. ताप, नाडी जोरात, पोट दुखणं, पाण्याला घाण वास, यांपैकी काही असेल तर संसर्ग समजून थेट मोठ्या रुग्णालयात. असे बदल नसले तरी निम्म्याहून जास्त बायका आठवड्याच्या आत बाळंत होतात, म्हणून नवजात बाळांचं अतिदक्षता कक्ष जिथे आहे तिथेच पाठवावं.

एक प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात: पडद्याच्या पेशी मरू नयेत म्हणून काही देता येतं का? पेशी ऑक्सिडेशनच्या ताणानेही मरतात, म्हणून जीवनसत्त्व क आणि ई भरपूर द्यावं असा तर्क होता. १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई रोज देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत पाणमोट अकाली फुटण्याचं प्रमाण उलट वाढलं. तेव्हा मेडिकलमधून मोठ्या डोसच्या गोळ्या आणू नका. आवळा, पेरू, लिंबू जेवणात असतात तेवढे असू द्या. हाताशी असलेला खरा उपाय तंबाखू सोडण्याचा. बायका ओढत नाहीत म्हणून हा प्रश्न विचारलाच जात नाही, पण मिसरी आणि गुटखा घराघरांत आहे. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांवरच्या २००४ च्या अभ्यासात धूर न होणाऱ्या तंबाखूनेही बाळंतपण लवकर होत असल्याचं दिसलं. एएनसीच्या (गरोदरपणातल्या तपासणीच्या) कार्डावर ‘धूम्रपान: नाही’ अशी खूण करून पुढे जाऊ नका. ‘ताई, दाताला काय लावतेस?’ असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

रेफरच्या चिठ्ठीवर पट्टीचं नाव, नमुना घेतल्याची वेळ, पाणी पहिल्यांदा गेल्याची वेळ, स्वॅबवर रक्त होतं का आणि डेक्साचा पहिला डोस किती वाजता दिला, या पाच गोष्टी लिहा. नुसतं ‘पट्टी पॉझिटिव्ह’ लिहून पाठवलं तर जिल्ह्याच्या लेबर रूममध्ये दुसरी पट्टी लागते, आणि तोवर त्या बाईचे आणखी दोन तास जातात.